पावती कोणाच्या नावावर आहे?

माझगावच्या म्हातारपाखाडीतून निघून, वाट थोडी वाकडी करत, भायखळा स्टेशन ओलांडून मदनपुऱ्यात पोचायला तासभर पुरतो. या तासाभरात मुंबईतली जेवढी माणसं दिसतात तेवढी दुसरीकडे क्वचित दिसतील. म्हातारपाखाडीत कौलारू छपरांची, लाकडी जिन्यांची ईस्ट इंडियन आणि गोवेकर ख्रिश्चनांची घरं. टिळकांचे सहकारी काका बाप्टिस्टा इथलेच. पुढे हसनाबादेत १८८१ साली वारलेल्या पहिल्या आगाखानांची कबर. डॉकयार्डच्या बाजूला एका साध्या इमारतीत वरच्या मजल्यावर चिनी देऊळ. स्टेशनजवळ ग्लोरिया चर्च, पारशांची रुस्तम बाग आणि जेर बाग, दोन पुलांच्या मधे अडकलेला ‘खडा पारशी’चा पुतळा. नागपाड्याच्या अलीकडे १८६४ चं, बगदादी ज्यूंचं निळं मागेन डेव्हिड सिनेगॉग. आग्रीपाड्यात बेने इस्राएल ज्यूंचं मागेन हसिदीम सिनेगॉग, ज्यांची घरातली भाषा मराठी. मग गिरणी कामगारांच्या चाळी, आणि त्यांना लागून उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांचा मदनपुरा.

हे वाचून इथे घर घ्यावंसं वाटणाऱ्यांची संख्या वाढते आहे. कारण सरळ आहे. सीएसएमटीला लोकलनं दहा-बारा मिनिटं, जे. जे., नायर आणि मसिना ही तीन मोठी रुग्णालयं हाकेच्या अंतरावर, रात्री एक वाजता भूक लागली तरी जेवण मिळणार. पण या भागात ‘घर घेतलं’ या दोन शब्दांत निदान तीन वेगवेगळे व्यवहार लपलेले असतात, आणि दलाल ते तिन्ही एकाच दमात सांगतो. पागडीची खोली (जिथे मालकी नव्हे, भाडेकरूचा हक्क विकत मिळतो), जुन्या सोसायटीतला मालकीचा फ्लॅट आणि पुनर्विकासातल्या टॉवरमधला विक्रीचा फ्लॅट. भाव वेगळे, कागद वेगळे, धोके वेगळे.

त्यातल्या पागडीवरच जास्त बोलायला हवं. एक तर बाहेरून येणाऱ्याला ती सर्वांत कमी कळते. दुसरं म्हणजे हा मोहल्ला असा सरमिसळ का राहिला, याचं उत्तर तिच्यात आहे. भाडेनियंत्रणानं इथली भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. पुढे १९४७ चा कायदा आला, त्याच्या जागी ३१ मार्च २००० पासून लागू झालेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली. पण चार टक्के कशाचे? पन्नास रुपयांचे. भाडं इतकं कमी की घर सोडणं परवडत नाही, आणि हक्क इतका अर्धवट की ते सहजासहजी विकताही येत नाही. म्हणून गोदीतल्या कामगाराचा नातू, बोहरी हार्डवेअरवाला, गोवेकर शिंपी आणि कोकणी मुसलमान खलाशाची विधवा एकाच गल्लीत टिकून राहिले. सगळ्यांच्या कागदावर मोकळी मालकी असती, तर बाजारभावानं ही गल्ली तीस वर्षांपूर्वीच रिकामी केली असती. ज्या कागदी गुंत्याला नवा खरेदीदार घाबरतो, त्या गुंत्यानंच त्याला हवीशी वाटणारी वस्ती राखली आहे. तो गुंता सोडवूनच आत यायचं आहे, हेही तितकंच खरं.

पागडीत आपण भिंती विकत घेत नाही, भाडेकरूपण विकत घेतो. जुना भाडेकरू आपला हक्क सोडतो, मालक तो आपल्याला देतो, आणि मिळालेल्या रकमेतला वाटा मालकाकडे जातो. हा वाटा रिवाजानं तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतो, पण तो कायद्यानं ठरलेला नाही. मालक आणि भाडेकरू यांच्यातल्या संबंधांवर तो वरखाली होतो. १९९९ च्या कायद्यापूर्वी पागडी घेणं गुन्हा होता. कलम ५६ नं ती रक्कम घेणं कायदेशीर केलं. त्यामुळे आज कुणी ‘पागडी म्हटली की रोखच’ असं सांगत असेल तर तो सवय सांगतो आहे, कायदा नाही. रोख दिलेल्या पैशाला उद्या पुरावा नाही. खोली पुन्हा विकाल तेव्हा तुमची खरेदी किंमतही कागदावर तुटपुंजी दिसेल आणि करही तुम्हीच भराल.

पहिला कागद भाडेपावती. ती कोणाच्या नावावर आहे, शेवटची केव्हा फाडली, त्यावर ‘राहण्यासाठी’ लिहिलं आहे की ‘धंद्यासाठी’, आणि ती कोण फाडतो. या चार प्रश्नांत बहुतेक भानगडी बाहेर पडतात. इथे पावती आजोबांच्या नावावर आणि घरात नातू, ही अगदी नेहमीची गोष्ट. कायद्यानुसार भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेकरूपण जातं. असा कुणी नसेल तर वारसाकडे. म्हणजे विकायला बसलेला नातू हक्कदार असेलही, पण वसईला राहणारी आत्या आणि दुबईतला काका यांची ना हरकत नसेल तर प्रकरण धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात जाऊ शकतं, आणि तिथे पिढ्या सरतात. म्हणून आधी पावती विकणाऱ्याच्या नावावर करून घ्यायला सांगावं आणि मगच व्यवहाराला बसावं. ‘थेट तुमच्याच नावावर करू, कशाला दोनदा खर्च’ हे वाक्य ऐकलं की खुर्ची थोडी मागे घ्यावी.

दुसरा कागद मिळकत पत्रिका. मुंबई शहरात जमिनीची ओळख सी. एस. क्रमांकानं होते आणि त्याला विभागाचं नाव जोडलेलं असतं: माझगाव विभाग, भायखळा विभाग. पावतीवरचा मालक आणि पत्रिकेवरचा धारक एकच आहे का, हे पाहायचं. कित्येकदा पत्रिकेवर १९५०-६० च्या काळातलं नाव असतं, त्याचे सतरा वारस जगभर पांगलेले असतात, आणि पावती फाडणारा मुनीम एका वारसाच्या कुलमुखत्यारपत्रावर चालत असतो. ते पत्र नोंदणीकृत आहे का, देणारा हयात आहे का, भाडेकरूपण हस्तांतराचा अधिकार त्यात लिहिला आहे का? देणारा वारला की साधं मुखत्यारपत्र संपतं, हे मुनिमाला माहीत असतं. तो सांगत नाही.

जमीन कोणाची हा प्रश्न या पट्ट्यात जास्तच टोकदार आहे. माझगाव-डॉकयार्डकडे बंदर प्राधिकरणाच्या भाडेपट्ट्याच्या जमिनी आहेत. काही भूखंड महापालिकेचे आहेत. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची मालमत्ता पुढे पालिकेकडे आली, त्यातल्या बीआयटी चाळी मुंबई सेंट्रल आणि आग्रीपाड्याकडे अजून उभ्या आहेत. तिथे भाडेकरू पालिकेचा असतो आणि हस्तांतराचे नियम खासगी मालकापेक्षा वेगळे. काही इमारती वक्फच्या, काही पारशी, ख्रिश्चन किंवा हिंदू धर्मादाय न्यासांच्या. सार्वजनिक न्यासाला स्थावर मालमत्ता विकायची, किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या पट्ट्यानं द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. ती नसेल तर विश्वस्तांची सही कितीही ठसठशीत असो, तिला वजन नाही.

मालक सापडला, पावती सरळ निघाली, की करार. तो तिघांचा असावा: सोडणारा भाडेकरू, मालक आणि तुम्ही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार भाडेकराराची लेखी नोंदणी बंधनकारक आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. मुद्रांक शुल्क भाडेकरूपणाच्या हस्तांतरालाही लागतं, आणि राहण्याच्या जागेला ते विक्रीखतापेक्षा वेगळ्या हिशेबानं बसतं. ते दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावं. पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी करून ‘इथे सगळे असंच करतात’ म्हणणारे सगळेजण पुनर्विकासाच्या वेळी रांगेत शेवटी उभे असतात. करारात खोलीचं चटईक्षेत्र चौरस मीटरमध्ये, मजला, मोरी आणि शौचालय खोलीत की सामायिक, पोटमाळा असेल तर त्याची उंची, आणि पुनर्विकासात मिळणारा हक्क तुमचाच असेल हे कलम, इतकं असायलाच हवं. त्याच दिवशी नव्या नावाची पहिली पावती हातात घ्यायची, दुसऱ्या दिवशी नाही. मग बेस्टचं वीज मीटर, गॅस, शिधापत्रिका आणि मतदार यादी.

बँका पागडीवर सहसा गृहकर्ज देत नाहीत. गहाण टाकायला मालकी नसते, म्हणून सगळा पैसा गाठीचा लागतो. किंमत कमी दिसते त्यामागे हेही आहे. शिवाय पागडी ही गुंतवणूक म्हणून घेऊन दुसऱ्याला भाड्यानं देता येत नाही. मालकाच्या संमतीविना पोटभाडेकरू ठेवला तर तो घर खाली करवून घ्यायचा आधार होतो. कारण नसताना सलग सहा महिने जागा वापराविना ठेवली तरीही. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं तरीही. थोडक्यात, इथे खरंच राहायचं असेल तरच घ्या. कुलूप लावून भाव वाढायची वाट पाहणाऱ्यासाठी ही चीज नाही, आणि मला विचाराल तर ते बरंच आहे.

आता इमारत. शहर भागात १९६९ च्या कायद्यानंतर उपकरप्राप्त इमारतींची यादी झाली तेव्हा त्या १९,६४२ होत्या. सप्टेंबर १९४० पूर्वीच्या १६,५०२ ‘अ’ वर्गात, डिसेंबर १९५० पर्यंतच्या १,४८९ ‘ब’ वर्गात आणि सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या १,६५१ ‘क’ वर्गात. उपकर भाडेकरू भरतो आणि त्या बदल्यात म्हाडाचं दुरुस्ती मंडळ इमारतीची संरचनात्मक दुरुस्ती करतं. आपली इमारत कोणत्या वर्गात, शेवटची दुरुस्ती केव्हा, पावसाळ्यापूर्वीच्या अतिधोकादायक यादीत नाव कधी आलं का, पालिकेची कलम ३५४ ची नोटीस लागली आहे का, हे मंडळाच्या आणि पालिकेच्या ‘ई’ विभागाच्या कार्यालयात विचारून कळतं. नोटीस पालिकेची असेल तर तिच्यातला वर्ग वाचावा. सी-१ म्हणजे खाली करून पाडायची. सी-२ म्हणजे मोठी दुरुस्ती, तिच्यात ‘ए’ असेल तर त्यासाठी घर खाली करावं लागेल. सी-३ म्हणजे किरकोळ.

ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडीबाजारातली हुसैनी इमारत पडली आणि तीसहून अधिक माणसं गेली. ती समूह पुनर्विकासाच्या, म्हणजे अनेक इमारती एकत्र नव्यानं बांधायच्या योजनेच्या, हद्दीत होती. योजना असणं आणि टेकू असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

‘अ’ वर्गातली इमारत म्हणजे बहुधा सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मधे विटांची भिंत, वर लाकडी कड्यांवर फळ्या, चुन्याचा थर आणि लादी. ओल लागली नाही तर हा सांगाडा शंभर वर्षं सहज टिकतो. तो मरतो मोरीपाशी. प्रत्येक खोलीत एक मोरी, एकाखाली एक चार मजले, आणि वरच्या मोरीचं पाणी भिंतीतल्या तुळईच्या टोकात झिरपत राहतं. बाहेरून तुळई ठणठणीत दिसते, भिंतीत रुतलेलं टोक मात्र भुसा झालेलं असतं. म्हणून खोली पाहायला गेल्यावर आपल्या खोलीपेक्षा खालच्या खोलीचं छत पाहावं, तेही मोरीच्या कोपऱ्यातलं. तुळईच्या टोकात स्क्रूड्रायव्हर दाबून पाहावा. अर्धा इंच सहज आत गेला तर तिथे लाकूड नाही, वाळवीनं ठेवलेलं साल आहे. जिन्याच्या भिंतीतून पिंपळ उगवला असेल तर तो कितीही छाटला तरी मुळं चुन्यात आत गेलेली असतात. तळमजल्यावरच्या दुकानदारानं जागा मोकळी करायला मधला खांब काढला आहे का? हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो. खांबाच्या जागी लोखंडी गर्डर टाकलेला दिसला, तर तो कोणाच्या परवानगीनं आणि कोणत्या संरचना अभियंत्याच्या नकाशावर, हे लेखी मागावं.

आणि मग आपणच करतो ते पाप: जुन्या लादीवर नवी टाइल. हिशेब करून पाहा. १५० चौरस फुटांची खोली म्हणजे सुमारे १४ चौरस मीटर. त्यावर पाच सेंटीमीटर जाडीचा सिमेंटवाळूचा थर पसरला तर चौरस मीटरमागे १०० किलोप्रमाणे १,४०० किलो, वर टाइलचे ३०० किलो. जवळपास पावणेदोन टन वजन, तेही शंभर वर्षांच्या कड्यांवर, आणि शेजाऱ्यांनीही हेच केलेलं असतं. त्यावर पोटमाळ्यातली पाचशे लिटरची टाकी म्हणजे आणखी अर्धा टन. जुनी लादी आणि तिच्याखालचा थर काढून, हलक्या चिकट मसाल्यावर पातळ टाइल किंवा सरळ व्हिनाइल घातलं तर वजन उलट उतरतं. मोरी मात्र आधी. जुना नळ आणि सांडपाण्याचा पाइप काढून नवा घालायचा, जलरोधक लेप भिंतीवर निदान फूटभर वर चढवायचा, चोवीस तास पाणी तुंबवून खालच्या घरी बसून छत पाहायचं. खालच्या घरी चहा मिळतोच. या परीक्षेनं शेजारधर्म जितका पक्का होतो तितका दिवाळीच्या फराळानं होत नाही.

पागडी घेणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मात्र दुरुस्ती नसते, टॉवर असतो. विकास नियंत्रण नियमावली २०३४ च्या ३३(७) खाली उपकरप्राप्त ‘अ’ वर्गातल्या भाडेकरूला आहे तितकं, पण किमान ३०० चौरस फूट म्हणजे २७.८८ चौरस मीटर चटईक्षेत्र मिळतं. राहण्यासाठीची कमाल मर्यादा १२० चौरस मीटर. त्यावर फंजिबलचं, म्हणजे नियमानं वर मिळू शकणारं, वाढीव क्षेत्र मागायचं असतं, न मागता क्वचितच मिळतं. १२० फुटांची खोली आणि २८० फुटांची डबल रूम यांना किमान हक्क एकच, हे लक्षात आलं की लहान खोलीचा फुटामागे भाव मोठ्या खोलीपेक्षा जास्त का, याचा उलगडा होतो. इथे एक तारीख पाठ असावी: १३ जून १९९६. त्या दिवशी जेवढे भाडेकरू होते, त्यांच्यापुरताच पुनर्वसनाचा हिशेब. त्यानंतर एका खोलीच्या दोन करून दोन पावत्या फाडल्या असतील तर पुनर्विकासात घर एकच. भावाभावांनी मधे फळी घालून वाटून घेतलेल्या खोलीचा अर्धा भाग स्वस्तात मिळतो आहे असं वाटलं, तर तो यामुळेच स्वस्त असतो. म्हाडाची प्रमाणित भाडेकरू यादी पाहिल्याशिवाय इसार देऊ नये.

बिल्डरला आता ५१ टक्के भाडेकरूंची संमती पुरते. इमारत एकटी असेल तर त्याला पुनर्वसन क्षेत्राच्या ५० टक्के प्रोत्साहन क्षेत्र, म्हणजे विकायला जादा बांधकाम, मिळतं, दोन ते पाच भूखंड एकत्र केले तर ६०, सहा किंवा जास्त असतील तर ७०. म्हणून शेजारच्या मालकाशी बोलणी चालली असतील तर आपली इमारत अडकते, आणि अडकून वर्षानुवर्षं राहते. समूह विकासाला शहर भागात निदान ४,००० चौरस मीटर जमीन लागते. भेंडीबाजारातला बोहरा समाजाच्या न्यासाचा प्रकल्प याच वाटेनं गेला, सुमारे साडेसोळा एकर आणि ३,२०० कुटुंबं. तिथे बहुतेक इमारती विकत घेण्याची ताकद असलेला एक न्यास पाठीशी होता. आपल्या गल्लीत तसं कोणी नाही. २०२२ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या दुरुस्तीनं म्हाडा कायद्यात ७९-अ आलं: धोकादायक इमारतीच्या मालकाला पुनर्विकासाचा प्रस्ताव आणायला सहा महिने, त्यानं काही केलं नाही तर भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, मग म्हाडा. अर्धवट सोडलेल्या प्रकल्पांसाठी ९१-अ. मालक या नोटिसांविरुद्ध न्यायालयात जातात. भाडेकरूंनी शंभर महिन्यांचं भाडं भरून इमारत ताब्यात घेण्याच्या १९८६ च्या तरतुदीवरचा खटला तर नऊ न्यायमूर्तींपुढे गेला. प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही, असा निकाल लागायला ५ नोव्हेंबर २०२४ उजाडला. त्यामुळे ‘दोन वर्षांत टॉवर’ हे वाक्य दलालाकडून ऐकलं की त्याला एवढी एकच तारीख सांगावी.

मालकीच्या फ्लॅटचा हिशेब त्यामानानं कोरडा आहे, म्हणून पटकन. दीड कोटींचा फ्लॅट धरा. मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह सहा टक्के म्हणजे नऊ लाख, फक्त स्त्रीच्या नावावर घेतला तर एक टक्का सूट. नोंदणी शुल्क कमाल ३०,००० रुपये. एक टक्का टीडीएस कापून सरकारजमा करायची जबाबदारी खरेदीदाराची, ते दीड लाख किमतीतूनच वजा. पंचाहत्तर लाखांवरच्या कर्जात बँक किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, आणि त्या किमतीत मुद्रांक धरत नाही. म्हणजे जास्तीत जास्त एकशे साडेबारा लाख कर्ज. साडेसदतीस लाख स्वतःचे, त्यावर नऊ लाख तीस हजार. सत्तेचाळीस लाख हातात नसतील तर फ्लॅट पाहायला जाऊन शनिवार फुकट घालवू नये. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घराला मुंबईत मालमत्ता करात माफी आहे, ती विचारात घ्यावी.

आता, कोणाला घर मिळतं? वस्ती सरमिसळ आहे म्हणून इमारतही तशी असेल असं नाही. इथली सरमिसळ रस्त्यावर असते, जिन्यावर क्वचितच. चाळी बांधल्या गेल्या तेव्हाच त्या जातीच्या, गावाच्या, धर्माच्या ओळखीवर भरल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींनंतर दोन्ही बाजूंच्या अनेक कुटुंबांनी आपल्या माणसांजवळ घर शोधलं, आणि मुंब्र्याची वाढ त्यानंतर झपाट्यानं झाली. पारशी बागांमध्ये घर समाजापुरतंच आहे. आपल्या समाजापुरतं सभासदत्व ठेवणारे पोटनियम सहकारी संस्थेला करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात म्हटलं. पण असा लेखी पोटनियम नसलेल्या साध्या सोसायटीला तोंडी ‘आमच्याकडे तुमचे लोक नकोत’ म्हणायचा आधार नाही. सहकारी संस्था अधिनियमाचं कलम २३ पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारू देत नाही, आणि कलम २२ प्रमाणे अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद मानला जातो. हस्तांतर अधिमूल्य जास्तीत जास्त २५,००० रुपये, त्यापलीकडे ‘देणगी’ मागता येत नाही. अर्ज टपालानं, पोचपावतीसह द्यावा. तोंडी नकार तोंडीच विरतो. हे कलम हातात ठेवून राहायला गेल्यावर जिन्यात कोणी हसून बोलेल की नाही, हे मात्र कायद्याला ठरवता येत नाही. म्हणून नावांच्या पाट्या वाचून यावं, त्या तळमजल्यावरच असतात.

गल्ली निवडताना तिला निदान चार वेळा भेटावं. शुक्रवारी दुपारी एक ते दोन, जुम्म्याच्या नमाजीच्या वेळी रस्ता किती बंद होतो. गणपतीत रात्री, मंडप कोणाच्या खिडकीखाली येतो. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण रात्री दहानंतर तक्रार करायची तर ती कोणाच्या लाउडस्पीकरची, हा प्रश्न मिश्र वस्तीत लगेच राजकीय होतो. दोन्ही बाजूंच्या भोंग्यांबद्दल सारखाच बोलणारा शेजारी शोधावा, असतोच एखादा. भायखळा मंडईच्या जवळ घर असेल तर पहाटे तीनला यावं. भाजीचे ट्रक तेव्हा उतरतात, हमालांच्या हाका आणि मागे येणाऱ्या गाड्यांची पिपाणी चालू असते. दिवसा दाखवलेल्या शांत फ्लॅटची किंमत तेव्हा कळते.

आणि पावसाळ्यात, भरती साडेचार मीटरच्या वर असेल त्या दिवशी. हा पट्टा मूळचा खाडीचा आणि दलदलीचा. वरळीची खिंड बांधून बुजवल्यावर तो कोरडा झाला, पण उंच झाला नाही. भरतीच्या वेळी समुद्राचं पाणी गटारांच्या तोंडापेक्षा वर असतं, तेव्हा पावसाचं पाणी उताराअभावी मागे थांबतं. रे रोडजवळचं ब्रिटानिया उदंचन केंद्र (पंपिंग स्टेशन) ते पाणी उपसतं, तरी मुसळधार आणि भरती एकत्र आले की नायर रुग्णालयाच्या आसपासचे रस्ते भरतात. माझगावची टेकडी उंच, तिथे ही चिंता कमी. तळमजल्याच्या दुकानांचे ओटे मोजावेत. गल्लीत सगळ्यांनी ओटा दोन फूट उचलला असेल, तर पाणी दीड फूट येतं असं समजावं. एका गल्लीत तुंबतं आणि पुढच्या गल्लीत नाही, म्हणून ‘भायखळ्यात पाणी भरतं का’ असा प्रश्न विचारू नये, दुकानाचं नाव घेऊन विचारावं.

पिण्याच्या पाण्याचंही तसंच. भंडारवाडा टेकडीवर बाप्टिस्टा उद्यानाखाली जलाशय आहे, पण प्रत्येक गल्लीची वेळ ठरावीक आणि थोडीच. चौथ्या मजल्यावर दाबानं पाणी चढतं की तळटाकीतून पंपानं, पंपाचं बिल कोण भरतं, टाकी शेवटची केव्हा धुतली? थेट पालिकेच्या नळाला मोटर लावणं बेकायदा आहे, आणि तसं करणारा एक जण असला की वरच्या तीन घरांत नळ फुसफुसतो.

टॉवरमधला विक्रीचा फ्लॅट घेणाऱ्यानं महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या राज्य प्राधिकरणाची नोंदणी, भोगवटा प्रमाणपत्र आणि म्हाडाची ना हरकत पाहायची. ३३(७) मध्ये इमारतींभोवतीची मोकळी जागा कमी ठेवायची सवलत असते, त्यामुळे ‘समुद्र दिसतो’ ही खिडकी पुढच्या भूखंडावर टॉवर उभा राहीपर्यंतच. जुन्या भाडेकरूंची पुनर्वसनाची घरं त्याच इमारतीत आहेत की वेगळ्या, देखभाल खर्च एकत्र आहे की स्वतंत्र, लिफ्ट कोणत्या कोणाला? हे प्रश्न नव्या आणि जुन्या दोघांनीही विचारायचे आहेत, पण जुन्यांना विचारायची सवय नसते.

कारण पन्नास-शंभर रुपये भाडं भरणाऱ्या घराला टॉवरमध्ये ३०० चौरस फुटांमागे फुटाला दहा रुपये धरले तरी महिन्याला ३,००० रुपये देखभाल येते. नियमावलीत यासाठी तरतूद आहे: बिल्डरनं ठेवलेल्या कॉर्पस म्हणजे राखीव निधीतून इमारतीची देखभाल दहा वर्षं व्हायला हवी. दहाच. अकराव्या वर्षी बिल हातात पडतं, आणि त्याच सुमारास विक्रीच्या जाहिराती दिसू लागतात. शिंप्याची मुलगी, खलाशाची विधवा, विणकराचा नातू घर विकून मीरा रोडला जातात. मिश्र वस्तीचा फोटो दाखवून विकलेल्या टॉवरमध्ये मग एकाच उत्पन्नगटाची माणसं उरतात. पागडी घेऊन पुनर्विकासाच्या सभेत बसणाऱ्यानं म्हणून फुटांवर भांडण्याआधी कॉर्पसवर भांडावं. कुटुंबामागे तीन लाखांवर सात टक्के व्याज म्हणजे महिना १,७५०, ते अपुरं. महिना ३,००० व्याजातून निघायचे तर त्याच दरानं सव्वापाच लाखांच्या आसपास लागतात, तेही देखभाल वाढलीच नाही असं धरून. हा आकडा, पुनर्वसन इमारतीची स्वतंत्र लिफ्ट आणि स्वतंत्र वीज मीटर, सामायिक दिव्यांना गच्चीवरचे सौर पट्टे, आणि पार्किंगच्या उत्पन्नात जुन्या भाडेकरूंचा वाटा, हे चार मुद्दे पर्यायी निवासाच्या करारात नोंदवून घ्यावेत आणि तो करार घर खाली करण्यापूर्वी, संक्रमण भाड्याचे (नवं घर होईपर्यंत दुसरीकडे राहण्याच्या भाड्याचे) धनादेश हातात घेऊन, नोंदणीकृत करावा. खाली केल्यानंतर बिल्डरकडे वेळ असतो, भाडेकरूकडे नसतो.